धोत्रा देवापाशीच राहू द्या

वणीकरांनो, श्रावण लागलाय. सोमवारी पहाटेपासून महादेवाच्या देवळाबाहेर टोपल्या मांडल्या जातील. बेलाच्या जुड्या, पांढरी फुलं आणि त्यांच्यासोबत धोत्र्याची दोन-दोन काटेरी फळं. तुम्ही ती घ्याल, पिंडीवर वाहाल, हात जोडाल. जरूर वाहा. त्यात कुणी आडवं येणार नाही, मीही येत नाही. मला जे सांगायचंय ते पूजेनंतरचं आहे, आणि ते घाईने सांगायला हवं.

पूजा झाली की ते फळ जातं कुठे? देवळामागच्या निर्माल्याच्या ढिगात. नाहीतर देव्हाऱ्यापुढच्या ताटात. नाहीतर परसात, न्हाणीमागे. तिथे ते वाळतं, तडकतं आणि आतल्या शेकडो चपट्या बिया मोकळ्या होतात. रांगतं लेकरू जमिनीवरून काय काय उचलून तोंडात घालतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जरा मोठी पोरं तेच फळ चेंडू म्हणून फेकतात, दगडाने फोडतात, भातुकलीत त्याची भाजी करतात. आणि भातुकलीतली भाजी कधी कधी खरोखर खाल्ली जाते.

म्हणून एवढं करा. वाहिलेला धोत्रा घरी आणू नका. घरच्या पूजेत वाहिला असेल तर आरती झाली की लगेच कागदात गुंडाळा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी खड्डा करून पुरा. ज्या हातांनी फळ धरलं ते साबणाने धुवा. त्या हातांनी डोळे चोळू नका, लेकराला घास भरवू नका. पाच मिनिटांचं काम आहे. ते उद्यावर टाकू नका.

श्रावण सरला की लगेच हरतालिका आणि गणपती. गणपतीच्या 21 पत्रींमध्ये धोत्र्याचं पान असतं. पत्री आणायला आपण पाठवतो कुणाला? पोरांनाच. ती बांधाबांधाने फिरतात, पानं ओरबाडतात, त्याच हातांनी वाटेत पेरू खातात. ताई, दादा, या वर्षी पत्री तुम्ही स्वतः आणा. पोरांना सोबत न्यायचं तर जरूर न्या, पण धोत्रा दाखवून सांगा: हे देवाचं आहे, हे तोंडात घालायचं नाही, घातलं तर माणूस मरू शकतो. सरळ सांगा. पोरं घाबरतील म्हणून शब्द गिळू नका.

झाड तुमच्या ओळखीचं आहे. पाणंदीच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या भिंतीजवळ, शाळेच्या कुंपणाला लागून ते आपसूक उगवतं. कर्ण्यासारखं लांब फूल, पांढरं किंवा जांभळी झाक असलेलं. गोल फळ, अंगभर काटे. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्याच कुळातलं हे झाड आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. सुटं बी पाहिलं तर घाईत मिरचीचं वाटतं. जरा मोठं, चपटं, पिवळट-तपकिरी, खडबडीत असतं, पण ओट्यावर सांडलेल्या बियांकडे एवढं निरखून कोण बघतं? कोवळं पान पालेभाजीच्या जुडीत गेलं तर ओळखू येत नाही. आणि काटेरी हिरवं फळ पाहून शहरातून सुट्टीला आलेल्या भाच्याला करटुलं वाटलं, तर त्यात त्याची चूक नाही. त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

या दिवसांत डोंगरातल्या मावश्या टाकळा, कुर्डू, करटुली घेऊन बाजारात येतात. त्यांची नजर पक्की आहे, त्यांच्याकडून भाजी निर्धास्त घ्या. पण ऐकीव माहितीवर, मोबाइलवरचा फोटो बघून स्वतः रानभाजी खुडायला जाऊ नका. घरी आणलेली जुडी निवडताना पान न् पान बघा. एखादं पान अनोळखी दिसलं तर फेकून द्या. भाजी थोडी कमी होईल, होऊ द्या.

धोत्र्याची मुळं, पानं, फुलं, फळं, सगळंच विषारी आहे. बियांत ते विष जास्त. शिजवल्याने, वाळवल्याने, भाजल्याने ते जाईल अशा भरवशावर राहू नका. त्यात अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन नावाची द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर बहुधा अर्ध्या-एक तासात परिणाम सुरू होतो, कधी काही तासांनी. आधी तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सोसत नाही, जवळचं धूसर दिसतं. चेहरा लाल होतो. अंग तापतं, पण घाम येत नाही, कातडी कोरडी ठणठणीत. छाती धडधडते. लघवी अडते. मग भान सुटतं. माणूस असंबद्ध बडबडतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतून काहीतरी पकडायला जातो, अंगावरचे कपडे ओढतो, उठून पळतो. पुढे झटके येऊ शकतात, बेशुद्धी येऊ शकते, श्वास थांबू शकतो.

इथे जरा थांबा. आपल्या भागात सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

असं बडबडणारं, डोळे विस्फारलेलं, कुणालाही न ओळखणारं पोर पाहून घरातल्या आजीच्या मनात पहिला विचार कोणता येईल? बाहेरचं काही झालं. बाधा झाली. वारं आलं. आपण देवीच्या पायथ्याशी राहणारी माणसं, सप्तशृंगी आपली आई. श्रद्धा आपल्या हाडात आहे आणि तिचा मला आदर आहे. पण आजी, ऐका. आधी त्या पोराच्या डोळ्यांत बघा. बाहुल्या मोठ्या झाल्यात का? जीभ कोरडी आहे का? अंग तापलंय आणि घाम नाही, असं आहे का? तर ही बाधा नाही, हे विष आहे. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गाडीत बसल्यावर लावा. भगताकडे नेण्यात गेलेला एक तास पोराच्या जिवावर बेतू शकतो. देवीला नवस बोला आणि त्याच क्षणी दवाखान्याची वाट धरा. आई रागावणार नाही.

दवाखाना जवळ आहे. वणीत ग्रामीण रुग्णालय आहे. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, नाशिकला जिल्हा रुग्णालय आहे. 108 ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. यात्रेत सप्तशृंगीच्या गडावर असाल तर जवळच्या आरोग्य पथकाकडे धावा. दोन-तीन तास उलटून गेले म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणू नका. हे विष पोटाची आणि आतड्याची हालचाल मंद करतं, त्यामुळे बिया आत बराच वेळ पडून राहतात आणि विष हळूहळू भिनत जातं. उशिरा पोचलात तरी डॉक्टरांना करण्यासारखं खूप असतं. म्हणूनच उलट बाजूही लक्षात ठेवा: पोर सध्या खेळतंय, हसतंय, म्हणून घरी थांबू नका. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी निघा.

घरी उलटी करवू नका. भान गेलेल्या माणसाच्या घशात बोटं घातली, मिठाचं पाणी ओतलं, तर ते श्वासनळीत जातं. चिंचेचं पाणी, ताक, लिंबू, दूध यांच्या उताऱ्यावर विसंबून वेळ घालवू नका. पेशंटला एकटं सोडू नका, क्षणभरही नको. त्याला कळत नसतं आपण कुठे चाललोय. घराबाहेर रस्ता आहे, विहीर आहे, आणि आपल्याकडे तर शिवारात जागोजाग शेततळी आहेत, प्लॅस्टिकच्या निसरड्या कागदाची. भ्रमात पळालेलं पोर विषाने मरण्याआधी पाण्यात जाऊ शकतं. गाडी येईपर्यंत त्याला शांत, अंधाऱ्या जागी धरून बसा, ओरडू नका, बांधू नका. आणि जे खाल्लं त्याचा तुकडा, फळ, पान, उलटीत पडलेली बी, काहीही मिळेल ते पिशवीत घालून डॉक्टरांना द्या. शंभर प्रश्नांचं उत्तर त्या पिशवीत असतं.

आणि एक विनवणी. डॉक्टरांपासून काही लपवू नका. पोरांनी मस्तीत खाल्लं असेल, सूनबाईने रागाच्या भरात खाल्लं असेल, आजोबांनी दम्यावर म्हणून घेतलं असेल, जे असेल ते सांगा. अब्रू नंतर बघता येते.

आजोबांचं नाव मुद्दाम घेतलं. धोत्र्याच्या पानाची विडी ओढली की दमा बसतो, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोत. ते साफ खोटं नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती मद्रासेहून विलायतेला गेली आणि पुढे तिथे दम्याच्या सिगारेटी कितीतरी वर्षं दुकानांत विकल्या जात. यातली द्रव्यं श्वासनलिका सैल करतात, हे खरं आहे. पण याच द्रव्यांनी आजोबांचं हृदय बेफाम धावतं, लघवी तुंबते, काचबिंदू असेल तर डोळा जाऊ शकतो. आज त्याच जातीचं, पण मोजून मापून बनवलेलं औषध पंपातून मिळतं. काका, आजोबा, विडी ठेवा बाजूला. सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरांना विचारा, पंप घ्या.

कुणी म्हणेल, अहो, आयुर्वेदात धोत्रा आहे, चीनमध्ये तर याच फुलांचं औषध करतात. दोन्ही खरं. आयुर्वेदाने त्याला उपविषांत धरलंय, शोधन केल्याशिवाय तो वापरूच नका असं बजावलंय. आपल्या देशाच्या औषध नियमांतही आयुर्वेदिक विषारी द्रव्यांची वेगळी अनुसूची आहे, ई-1, आणि धोत्र्याचं बी त्या यादीत आहे. असं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर "वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे" हा इशारा छापावाच लागतो. चिनी वैद्यकात काळ्या धोत्र्याच्या फुलाला यांग जिन हुआ म्हणतात. त्यांच्या अधिकृत औषधकोशात त्याच्या नावापुढे विषारी असा शेरा आहे. जपानमध्ये हानाओका सेइशू नावाच्या शल्यवैद्याने 1804 साली धोत्रा आणि बचनाग घातलेलं औषध पाजून एका बाईला गुंगी आणली आणि तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. ईथरच्या भुलीच्या चार दशकं आधी. केवढी मोठी गोष्ट! पण ते औषध बसवायला त्याला वीसेक वर्षं लागली, आणि त्याची परीक्षा स्वतःच्या अंगावर घेणारी त्याची बायको आंधळी झाली असं तिथे सांगतात. ज्याने आयुष्य त्यात घातलं त्याच्या घरात ही किंमत मोजली गेली. मग जत्रेतल्या पालावर बसलेल्या, उद्या दुसऱ्या गावी जाणाऱ्या माणसाच्या पुडीवर तुम्ही का भरवसा ठेवता?

खरं तर आपल्या द्राक्षाच्या पट्ट्यात अ‍ॅट्रोपिन हे नाव नवं नाही. फवारणी करताना औषध अंगात भिनून गडी कोसळला, की डॉक्टर जे इंजेक्शन पुन्हा पुन्हा देतात ते हेच. त्याने किती घरं वाचलीत! पण त्या काचेच्या छोट्या कुपीत 0.6 मिलिग्रॅम असतं, मोजलेलं, शिक्का मारलेलं. समोर डॉक्टर नाडी धरून, बाहुली बघून पुढचा डोस ठरवतात. झाडावरच्या फळाला असा शिक्का नसतो. या झाडात किती, शेजारच्या झाडात किती, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, सगळं वेगळं. "किती बियांपर्यंत चालतं?" असं कृपा करून कुणाला विचारू नका, आणि कुणी आकडा सांगितला तर मानू नका. लेकराला एक बी सुद्धा नको.

आता पोरांनो, तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही मोबाइलवर काय बघता ते मोठ्यांना कळत नाही असं नाही. भांगेत धोत्रा घातला की "भारी" चढते, असं कुणीतरी सांगतं. त्यात मजा काहीच नाही. धोत्र्याने आनंद होत नाही, भ्रम होतो, आणि तो भ्रम आहे हे तुम्हाला त्या वेळी कळत नाही. तो दोन-दोन दिवस उतरत नाही. डोळे त्याहून जास्त दिवस अंधूक राहतात. पैजेवर खाऊ नका. मित्राने खाल्लं तर व्हिडिओ काढत उभे राहू नका, त्याच्या घरी सांगा, 108 ला फोन करा. मार बसेल म्हणून पळून गेलात आणि तो मेला, तर? आणि आई-बापांनो, जे पोर सांगायला येईल त्याला त्या दिवशी एक शब्द बोलू नका. नाहीतर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

शेतकरीदादा, तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. सोयाबीनच्या वावरात धोत्रा उभा राहिला तर तो खुरपणीत काढा, फळ धरण्याआधी काढा. मळणीत त्याची बी धान्यात मिसळली की मग ती कुणाच्या ताटात जाईल सांगता येत नाही. 2019 मध्ये युगांडातल्या करामोजा भागात मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाबीनच्या पिठात धोत्र्याच्या जातीचं विष निघालं. जवळजवळ 300 माणसं आजारी पडली, 5 दगावली. ज्यांच्या शेतातून ते सोयाबीन गेलं त्यांना कुणाला मारायचं नव्हतं. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या पाकिटांत हेच तण गेलं आणि शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. तिथे यंत्रं आहेत, तपासण्या आहेत, तरी झालं. आपल्याकडे तपासणी म्हणजे तुमचे डोळे आणि खुरपणाऱ्या बायांचे हात. त्यांना हातमोजे द्या. उपटलेलं झाड बांधावर फेकू नका, खड्ड्यात पुरा. चुलीत घालू नका, धुरातूनही त्रास होतो. गुरांच्या वैरणीत जाऊ देऊ नका.

झाड जगातून नाहीसं करा, असं मी म्हणत नाही. डोंगरात ते राहू दे, वैद्याच्या उपयोगाला, देवाच्या पूजेला. पण शाळेच्या आणि अंगणवाडीच्या कुंपणाजवळ ते नको. देवळाच्या आवारात, एसटी स्थानकामागे, लेकरं खेळतात त्या मोकळ्या जागेत नको. सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी, नवरात्राची वाट बघू नका. फुलं आता आलीत, फळं आता धरतायत. या आठवड्यात एक फेरी मारा. आशाताई, तुम्ही घरोघर जाताच. लसीचं विचारताना धोत्र्याचंही विचारा. देवळाच्या विश्वस्तांनो, निर्माल्यासाठी झाकणाचं पिंप ठेवा आणि धोत्रा त्यात वेगळा टाकायला सांगा. फुलवाल्या मावशी, गिऱ्हाईकाच्या हातात फळ देताना एवढंच म्हणा, "लेकरांपासून जपा." तुमचं वाक्य भाषणापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

नवरात्रात आणि कोजागरीला लाखो पावलं या वाटेने गडाकडे जातील. खानदेशातून, गुजरातमधून माणसं येतील, आपण त्यांना पाणी देऊ, चहा देऊ. ती आपली रीत आहे. पण गाडीत, धर्मशाळेत, ओळखपाळख नसलेला माणूस एकट्यादुकट्याला आग्रहाने लाडू-पेढा खाऊ घालू लागला तर हात जोडून नको म्हणा. नॉर्मन चेव्हर्सच्या 1856 सालच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकातही वाटसरूंना धोत्रा चारून लुटणाऱ्यांची हकिकत आहे. तो धंदा जुना आहे, विसरण्यासारखा नाही. रस्त्याकडेला कुणी यात्रेकरू बरळत, झोकांड्या खात दिसला, तर दारुडा म्हणून पुढे जाऊ नका. थांबा. डोळे बघा. तोंडाला दारूचा वास नाही आणि बाहुल्या मोठ्या आहेत, तर 108 लावा. त्याची आई घरी वाट बघत असेल.

हे वाचून झालं की फोन हातात घ्या. 108 रुग्णवाहिकेसाठी. 1800 116 117 हा दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा नंबर, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनाही तिथून सल्ला मिळतो. दोन्ही नंबर साठवा. आजीच्या जुन्या बटणाच्या फोनमध्येही साठवा आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. तुम्ही दिवसभर वावरात असता तेव्हा घरी लेकरांजवळ आजीच असते.